एकवीस सह्यांचा बुलफिंच

२ जानेवारी, गुरुवार

संकल्प. नाताळचा काळा केक आजपासून बंद. उरलेला तुकडा सकाळी संपवला. अन्न टाकणं पाप आहे. कुणालाही मूर्ख म्हणायचं नाही, निदान तोंडावर. रोज सकाळी सहाला दरीत जाऊन पाहणी करायची. आणि कोरड्या हंगामाची पहिली निसर्गफेरी, जी गेली सव्वीस वर्षं मी नेते आहे, ती यंदा अशी न्यायची की निसर्गप्रेमी मंडळाची तोंडं बंद झाली पाहिजेत.

अकरा वाजता मंडळाचं पत्र आलं. सही डॉ. लेनक्स सीनाथ, चिटणीस. धंद्याने दंतवैद्य. माझ्या गेल्या वर्षीच्या चौदा नोंदी 'अनिश्चित' ठरवल्या आहेत. त्यात मी ओढ्यात सापडलेलं मकाव पोपटाचं निळं पीस दिलं होतं, हातभर लांब. सीनाथचं म्हणणं, ते कार्निव्हलच्या मुकुटातून गळलेलं आहे आणि त्याच्या बुडाशी गोंद आहे. अर्थात गोंद आहे. पोपट झाडावर बसतो आणि झाडाला डिंक असतो. दातांपलीकडे काही वाचलं असतं तर कळलं असतं.

पुढे लिहितो: एकोणीस तारखेच्या फेरीत सर्वांना मान्य होईल अशी एक तरी दुर्मीळ नोंद मिस युलाली लेझामा यांनी करून दाखवावी, अन्यथा फेऱ्यांचं नेतृत्व दुसऱ्याकडे द्यावं. दुसऱ्याकडे म्हणजे कुणाकडे, हे लिहायला त्याला संकोच वाटला. पहिल्यांदाच कशाचा तरी वाटला.

चौतीस वर्षं मी अरिमा गावच्या जन्ममृत्यू नोंदणी कचेरीत काढली. मी लिहिलं की माणूस जन्माला यायचा आणि मी लिहिलं की मरायचा. एकदा एक गृहस्थ माझ्या टेबलापुढे उभे राहून आपण जिवंत असल्याचं सांगत होते. मी रजिस्टर उघडून दाखवलं. मुकाट्याने गेले. त्या हाताने लिहिलेलं अनिश्चित!

४ जानेवारी, शनिवार

पाहणी रद्द. उठायला नऊ वाजले. काल केकचा आणखी एक तुकडा कपाटात सापडला. त्यात रम फार होती. दोष करणाऱ्याचा.

६ जानेवारी, सोमवार

पहिली पाहणी. गाडी जेमाने चालवली. जेमा माझ्या कै. भावाची मुलगी, मला आत्याऐवजी टँटी म्हणते, माझ्याच घरात खाली राहते आणि माझ्याबद्दल मतं बाळगते.

दरीतले पांगारे फुलले आहेत. कोकोच्या बागांवर नुसता शेंदरी जाळ. तांबडा हेलिकोनिया ओढ्याकाठी भरपूर. पक्षी: अकरा जाती. पैकी पाण्यात एक मोठा पांढरा बगळा, अत्यंत निश्चल. चाळीस मिनिटं पाहिला, हालचाल नाही. जेमा म्हणाली, टँटी, ती बादली आहे. मी म्हटलं, बादलीला मान असते का? ती म्हणाली, कडी असते.

आजची पिढी निरीक्षण करत नाही, वाद घालते. नोंद: पांढरा बगळा, एक.

८ जानेवारी, बुधवार

वाटेवर उभ्यानेच लिहिते आहे, म्हणून अक्षर असं.

सकाळी ६.२०. जुन्या कोको-वाटेचं तिसरं वळण, गाडीरस्त्यापासून फार आत नाही. वरून शीळ आली. स्वच्छ, चढत जाणारी आणि शेवटी गिरकी घेणारी. बुलफिंच!

आमच्या गावातले निम्मे पुरुष हातात बुलफिंचचा पिंजरा घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. न्हाव्याकडे पिंजरा, बँकेच्या रांगेत पिंजरा. रविवारी मैदानात दोन पिंजरे समोरासमोर टांगून कुणाचा पक्षी जास्त शिळा घालतो याच्या शर्यती. एकाने पिंजरा चर्चमध्ये आणला होता. प्रवचनाच्या मध्यावर पक्ष्याने शीळ घातली आणि त्या दिवशी पुरुषांच्या बाकांवर कुणी झोपलं नाही. रानातला बुलफिंच या लोकांनी धरून धरून संपवला. मंडळाच्या वहीत शेवटची नोंद वीस वर्षांपूर्वीची आहे.

आणि तो परत आला आहे. माझ्याकडे.

जेमाला सांगितलं नाही. ती पत्ता विचारेल, मग वेळ विचारेल, मग हसेल.

१० जानेवारी, शुक्रवार

पुन्हा तेच झाड, तीच फांदी, पुन्हा ६.२०. इतका वक्तशीर पक्षी मी पाहिला नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असता तर सिस्टर इग्नेशियाने त्याला बिल्ला दिला असता.

आज दुर्बिणीतून पाहिला. काळसर, चिमुकला. पहाटेचं धुकं आणि दुर्बिणीच्या काचा जुन्या, म्हणून सगळं थोडं लोकरीसारखं दिसतं. तो एका चौकोनी घरट्यात बसतो. काड्या उभ्या, सरळ, सारख्या अंतरावर. माथ्यावर आकड्यासारखी वळलेली एक वेल. फारच नीटनेटकं बांधकाम. माणसांच्या सहवासाने सुधारणा झाली असावी. यावर स्वतंत्र लेख लिहिता येईल.

१३ जानेवारी, सोमवार

संकट. झाडाखाली एक माणूस! थर्मास, घडीची खुर्ची, सगळा संसार. जवळ गेल्यावर ओळखला: डडली सोनीलाल, मॅक्सी-टॅक्सीची छोटी बस चालवतो. याची जन्मनोंद मीच केली आहे. बाप 'दीनदयाल' सांगत होता, पण मला डडली जास्त बरं वाटलं.

मी विचारलं, काय करतो आहेस इथे? म्हणाला, गुड मॉर्निंग मिस, बुलफिंच ऐकतो. मी म्हटलं, ऐकतोस का धरतोस? तर म्हणाला, मिस, धरायचा कशाला, माझाच आहे तो. रोज सकाळी हवा खायला आणतो.

काय हा निर्लज्जपणा! चोराला सगळं आपलंच वाटतं. मी सांगितलं, हवा खायची तर तुझी तू खा. उद्यापासून या झाडाच्या शंभर पावलांत दिसलास तर वनखात्याच्या वॉर्डनला कळवीन. तो वर झाडाकडे पाहत म्हणाला, पण मिस, मग त्याच्याकडे लक्ष कोण देणार? मी म्हटलं, मी.

पाचवीच्या वर्गातल्यासारखा उभा राहिला आणि म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं मिस. खुर्ची उचलून वळणापलीकडे गेला. आवाजात जरब लागते, ती सगळ्यांना नसते.

१६ जानेवारी, गुरुवार

एका दगडात किती पक्षी! आता फूलही.

त्याच वाटेवर आज एक अपरिचित वनस्पती आढळली. फूल भडक गुलाबी, पाकळी एकच, फितीसारखी लांब, बुडाशी गाठ. वास नाही. विशेष म्हणजे ती झाडांच्या बुंध्यांवर छातीच्या उंचीला उगवते आणि दर पन्नास पावलांवर एक, असा क्रम सोडत नाही. मंगळवारी एकही नव्हतं. म्हणजे दोन दिवसांत फुलणारी जात. नमुने म्हणून सतरा खुडली. सगळी, खरं म्हणजे. सीनाथच्या हाती लागण्यापेक्षा बरं. बायबलखाली दाबून ठेवली आहेत, पण सुकत नाहीत. विलक्षण टवटवी.

१८ जानेवारी, शनिवार

उद्या फेरी. भाषण तयार. सुरुवात नम्र ठेवली आहे: 'काही जणांनी शंका घेतल्या, त्यांना मी क्षमा करते.' रेनकोट, शिट्टी, चार खाऱ्या माशाचे सँडविच. केक अजिबात नाही. कमी आहे म्हणून.

१९ जानेवारी, रविवार. दुपारी ३

विजय! आता सविस्तर.

पावणेपाचला सुरुवात. माझ्यामागे एकवीस सभासद, सीनाथ धरून; त्याच्या गळ्यात तोफेएवढा कॅमेरा. वीस मिनिटांतच वाट दिसेना. सीनाथ झाडं चाचपायला लागला. म्हणाला, माझ्या फिती कुठे गेल्या? बुधवारी सबंध वाटेवर गुलाबी फिती बांधून गेलो होतो, कुणी हरामखोराने काढल्या! बायकांसमोर अशी भाषा. मी त्याला तिथल्या तिथे सुनावलं. फिती हा विषय मी पुढे वाढवला नाही. नेत्याने शांत राहायचं असतं.

तासाभराने आम्ही त्याच पडलेल्या झाडापाशी तिसऱ्यांदा आलो. मिसेस अलोंझो रडू लागल्या. कुणी म्हणालं, हेलिकॉप्टर मागवा. सीनाथ म्हणाला, मिस लेझामा, आपण कुठे आहोत हे तुम्हाला माहीत आहे का? मी म्हटलं, रानात.

आणि तेवढ्यात दुरून शीळ आली. ६.२०!

मी हात वर केला. एकवीस माणसं चिडीचूप. मी कानांवर भरवसा ठेवून निघाले, काटेरी बांबूंतून, चिखलातून, एका ठिकाणी बसून घसरत, आणि सरळ त्यांना तिसऱ्या वळणावर बाहेर काढलं. वर पांगाऱ्यात बुलफिंच गात होता. फुलांच्या दाटीत दिसत नव्हता, पण गात असा होता की मिसेस अलोंझो दुसऱ्यांदा रडल्या, यावेळी चांगल्या कारणाने. सीनाथची टोपी हातात आली. म्हणाला, देवा, मी हा आवाज रानात लहानपणी ऐकला होता, आज्याबरोबर.

मग फोटोसाठी पुढे सरकला. मी शिट्टी फुंकली. घरटं आहे, एक पाऊलही पुढे नाही! थांबला. एकवीस सह्या वहीत. पहिली त्याची.

खाली रस्त्यावर डडली शंभर पावलं मोजून खुर्चीत बसला होता. आमच्याकडे बघून हात हलवला. मी दुर्लक्ष केलं.

२२ जानेवारी, बुधवार

वर्तमानपत्रात आलं. 'रानातला बुलफिंच परतला', पान सात. नाव बरोबर छापलंय. झाडाचं ठिकाणही मी पत्रकाराला अचूक सांगितलं. नोंद म्हणजे नोंद. सीनाथचा फोन आला. म्हणाला, ठिकाण छापायला नको होतं, मिस. मत्सर माणसाला किती खाली नेतो.

२५ जानेवारी, शनिवार

भावना आवरत नाहीत. आज तिसऱ्या वळणावर गेले. रस्त्याच्या कडेला गाड्याच गाड्या. लोकांत निसर्गप्रेम वाढलं आहे. आणि झाडाझाडांतून बुलफिंच! इकडून शीळ, तिकडून उत्तर. मोजले. एक्केचाळीस. प्रत्येकाचं तेच चौकोनी, नीटनेटकं घरटं. एका आठवड्यात एकाचे एक्केचाळीस, हा जागतिक विक्रम असणार.

झाडाखाली बरेच पुरुष बसले होते. एकाला विचारलं, पक्षी बघायला आलात? म्हणाला, हो टँटी, तो रानटी बुलफिंच खाली कधी उतरतो त्याची वाट बघतोय. असा गाणारा मिळाला तर मी माझी गाडी द्यायला तयार आहे. केवढी ही तळमळ. मी त्याला सँडविच दिलं.

२८ जानेवारी, मंगळवार

सकाळी वॉर्डन लोकांच्या दोन जीप दरीत आल्या. माणसं पिंजरे घेऊन पळाली, असं जेमा म्हणाली. मी विचारलं, कसले पिंजरे? ती चहा करायला गेली.

चाळीस जण पळाले. एकच बसून राहिला, डडली सोनीलाल. म्हणाला म्हणे, मी काही केलेलं नाही, मी का पळू? त्याच्या पक्ष्याचे कागद नाहीत. आणि त्याच झाडावर रानटी बुलफिंच असल्याची मंडळाची नोंद आहे, एकवीस सह्यांची. म्हणजे त्याने तोच धरला, असा अर्थ झाला. पक्षी जप्त. सोमवारी रानात सोडणार. डडलीवर खटला.

न्याय झाला. केकचा शेवटचा तुकडा खाल्ला. गोड लागला नाही.

३० जानेवारी, गुरुवार

डडली दारात आला. वर ये म्हटलं तरी पायरीवरच बसला.

म्हणाला, मिस, तो अंड्यातून बाहेर आला तेव्हा त्याची आई मेली होती. रामदीन म्हाताऱ्याने बोटावर दाणा भरवून वाढवला, मग मला दिला. म्हातारा गेला, कागद कुठून आणू? उकडलेलं अंडं खातो तो, माझ्या हातून. रानात सोडला तर दुपारपर्यंत सापाच्या पोटात. खटल्याचं माझं मी बघेन. तुम्ही एवढंच सांगा, की पिंजरा बघितला होता.

मी म्हटलं, डडली, माझ्या वहीत पिंजरा नाही. वहीत घरटं आहे.

तो म्हणाला, माहीत आहे मिस. माझं नावही दीनदयालच होतं.

काही उद्धटपणे बोलला नाही. त्याचाच राग आला. जाताना गेट नीट लावून गेला.

संध्याकाळी जेमा वर आली आणि भांडी पुसत राहिली. भांडी कोरडीच होती. शेवटी म्हणाली, टँटी, हे तुलाच ठरवायचंय. मी म्हटलं, ठरवायचं काय त्यात? नोंद खोडली तर फेरी सीनाथकडे जाते. ती म्हणाली, आणि नाही खोडली तर?

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी वॉर्डनच्या कचेरीत गेले. निर्णय पूर्णपणे दयाबुद्धीने घेतला. एका क्षुद्र जीवासाठी आयुष्यात एकदा खोटं बोलायचं ठरवलं.

कोपऱ्यात तो पिंजऱ्यात होता. गात नव्हता. अंग फुगवून, डोळे मिटून बसला होता.

मी सांगितलं, मी झाडावर पिंजरा पाहिला होता. पहिल्या आठवड्यापासून. अधिकारी म्हणाला, बाई, कसा होता पिंजरा, वर्णन करा. मी खोटं पुढे रेटलं. चौकोनी होता. काड्या उभ्या, सरळ, सारख्या अंतरावर. माथ्यावर आकडा, फांदीला अडकवायला. त्याने कोपऱ्यातल्या पिंजऱ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा पिंजऱ्याकडे पाहिलं. म्हणाला, अगदी हुबेहूब.

इतकं तपशीलवार खोटं मी जन्मात बोलले नव्हते. सही केली. ती माझ्या सहीसारखी आली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा करायला लावली.

डडलीला बोलावलं. त्याने पिंजऱ्याच्या काड्यांतून बोट आत घातलं. पक्षी डोळे न उघडताच बोटावर येऊन बसला. मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही नव्हतं.

१ फेब्रुवारी, शनिवार

कबुलीजबाबाला गेले. फादर प्लासीदला सांगितलं, शपथेवर खोटं बोलले. त्यांनी विचारलं, काय म्हणालीस, मुली? ते माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेत. म्हटलं, पिंजरा पाहिला असं म्हणाले.

पिंजरा होता का?

मी म्हटलं, तो वेगळा मुद्दा आहे.

म्हणाले, मुली, पिंजरा होता का नव्हता?

बाहेर सहा बायका रांगेत होत्या. मी हळू आवाजात म्हटलं, होता असावा. ते म्हणाले, मग पाप कुठलं? जा, काही प्रायश्चित्त नाही. साठ वर्षांत पहिल्यांदा काही प्रायश्चित्त न घेता बाहेर आले. इतका अपमान सीनाथनेही केला नव्हता.

४ फेब्रुवारी, मंगळवार

मंडळाची बैठक. नोंद रद्द. एकवीस सह्या रद्द. सीनाथची निवड एकमताने. माझंही मत त्यालाच पडलं, कारण हात वर करायची वेळ आली तेव्हा मी पंख्याचं बटण शोधत होते. निवड झाल्यावर तो माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, मिस, तुम्ही त्या माणसासाठी केलंत ते चांगलं केलंत. मी म्हटलं, तुमच्या सतरा फिती माझ्याकडे आहेत. शिट्टीबरोबर देऊन टाकल्या.

मला शेवटी चालायचं काम दिलं आहे. मागे कुणी राहत नाही ना, हे पाहायचं. अत्यंत जबाबदारीचं पद. पुढचा माणूस फक्त वाट पाहतो. शेवटचा सगळ्यांना पाहतो.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ८

फेरी सहाला निघाली. सीनाथ पुढे, मी मागे. पहिला अर्धा तास सगळ्यांच्या पाठी व्यवस्थित दिसत होत्या. मग धुकं आलं. जेमा म्हणते आज धुकं नव्हतं. तिला काय विचारायचं.

ओढा ओलांडल्यावर बघते तर सीनाथ माझ्यासाठी थांबलेला. एकटा, वाटेच्या कडेला, खांदे पाडून. मी म्हटलं, बरं झालं थांबलात, मला तुमच्याशी बोलायचंच होतं. आणि बोलले. मकावच्या पिसापासून सुरुवात केली, चौदा नोंदींवर आले, पत्रातल्या भाषेचा समाचार घेतला. एका शब्दाने मध्ये बोलला नाही. सव्वीस वर्षांत माझं कुणी इतकं ऐकून घेतलेलं नाही. मग माझाच राग उतरला. म्हटलं, जाऊ द्या डॉक्टर, खरं सांगायचं तर गेल्या वर्षीपासून मला पक्षी दिसतच नाहीत. आवाज येतो, मी त्या दिशेला बघते, आणि वहीत लिहिते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तरी तो गप्प. माझे डोळे भरून आले. समेटासाठी हात पुढे केला, त्याच्या दंडावर ठेवला. शेवाळ लागलं.

झाड होतं.

कुठलं, ते ओळखता आलं नाही.